माश्या झोपतात कुठे?

"बोक्या, फांदी हलवू नकोस, फुलं झडतायत," मुंगीने खालून पुन्हा बजावलं.

बोक्याचा नाइलाज होता. फांदी सोडली असती तर फुलांऐवजी तोच झडला असता. सफरचंदाची झाडं त्याच्यासारखा ऐवज पेलण्यासाठी लावलेली नसतात. पण बागेतल्या या एकाच झाडाच्या शेंड्यावरून जुन्या वीटभट्टीमागचा मातीचा उतार दिसायचा आणि आज त्या उतारावर काहीतरी चाललं होतं. पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं तिथे लाल झेंड्या रोवत होती.

"कुणाची वरात येतेय की काय?" बोक्याने वरून विचारलं.

"तू आधी खाली ये, मग कळेल," शिट्टी म्हणाली आणि तिने शिडी धरून ठेवली.

मुंगी सुट्टीत मावशीकडे आली होती. चणीने लहान, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मुंगी. बोका हा मावशीचा मुलगा. दुधावरची साय नाहीशी झाली की घरात पहिली हाक त्यालाच पडायची, म्हणून बोका. आणि शिट्टी ओढ्यापलीकडे राहायची. दातांच्या फटीतून ती अशी शिट्टी मारायची की बागेतली कुत्रीसुद्धा कान टवकारायची. तिचे बाबा टोपल्या विणायचे. ओढ्याकाठी वाळुंजाची दाट झाडी होती. तिच्या लवचिक फांद्या तोडायच्या, भिजवायच्या, सोलायच्या आणि विणायच्या, एवढंच त्यांचं जग. मावशीच्या बागेतली सगळी फळं त्यांच्याच टोपल्यांतून बाजारात जायची.

यंदा मावशीच्या घरात हसणं कमी झालं होतं. मागच्या वर्षी बागेच्या खालच्या रांगांना मोहोर भरपूर आला, पण फळ धरलंच नाही. मावशीने पाणी वाढवलं, खत बदललं, माणसं बोलावून विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि चहा पिऊन गेले. या वर्षीही असंच झालं तर बाग विकायची आणि शहरात जायचं, असं मावशीने जेवताना सांगून टाकलं होतं. बोका त्या दिवशी दुसऱ्यांदा भात न घेता उठला, यावरून काय ते समजा.

तिघं उतारावर पोचली तेव्हा मुकादम झेंड्या मोजत होता. त्याने मुलांना हटकलं, पण मुंगीने हेल्मेटचं कौतुक केल्यावर तो विरघळला. इथे बसडेपो होणार आहे, असं त्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यात खोदकामाचं मशीन येणार, उतार सपाट होणार. मागच्या वर्षीच एक कड खरवडून झाली होती, रस्त्यावर भर घालायला ती माती नेली होती.

"इथे कुणाचं काय जातंय? नुसती माती तर आहे," मुकादम म्हणाला.

खरंच नुसती माती होती. गवतसुद्धा धड नव्हतं. ऊन मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच मुक्कामाला असायचं. मुकादम पाठमोरा झाला तेव्हा शिट्टी खाली वाकली. मातीत पेन्सिल जाईल एवढी भोकं होती, आणि प्रत्येक भोकाभोवती मऊ मातीचा छोटा ढीग. बघता बघता एका भोकातून एक तपकिरी, केसाळ, मधमाशीच्या जातीची माशी बाहेर आली. तिने अंग झटकलं आणि सरळ बागेच्या दिशेने निघून गेली.

मोहोरावर अशा माश्या फिरल्याशिवाय फळ धरत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. खरवडलेली कड बागेच्या खालच्या रांगांना लागून होती, आणि फळ धरलं नव्हतं तेही त्याच रांगांना.

नियोजन कार्यालय शहराच्या टोकाला होतं. आत एक लांबलचक टेबल, टेबलावर काच, काचेखाली नकाशा आणि काचेवर चहाच्या कपांची ओली वर्तुळं. नकाशाच्या कामावरच्या मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीत दुष्ट माणूस असला की सोपं जातं. इथे तेवढी सोय नाही. त्यांनी मुलांना बिस्किटं दिली, खुर्च्या दिल्या आणि विचारलेलं सगळं समजावून सांगितलं.

नगरपालिकेला नवा बसडेपो हवा होता आणि जागा तीनच होत्या: वरचा तलाव, वाळुंजाची झाडी आणि भट्टीमागचा उतार. त्यातल्या दोन राखायच्या, एक डेपोला द्यायची, असं ठरलं होतं. कुठली द्यायची ते डोळे मिटून ठरवायचं नाही म्हणून मॅडमनी प्रत्येक जागेला गुण दिले होते. ती जागा माणसांना काय देते? पाणी धरून ठेवते? हवा गार राखते? बागांना माश्या पुरवते? जिचे गुण सर्वांत कमी, तिच्यावर डेपो.

तलावाला भरपूर गुण होते, कारण सगळं शहर त्याचं पाणी पीत होतं. उताराला शून्य होतं. वाळुंजाच्या झाडीला बरे गुण होते, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मिळाले होते ते सफरचंदाच्या बागेला माश्या पुरवल्याबद्दल.

शिट्टीचा चेहरा उजळला. आपल्या झाडीला कुणी गुण देतं, हेच तिला नवीन होतं. तिने विचारून घेतलं की म्हणजे झाडी राहणार ना, आणि मॅडमनी हसून सांगितलं की राहणार, त्या माश्यांच्या जिवावर राहणार.

मुंगी मात्र बिस्किट हातात धरून बसली होती. तिने विचारलं, माश्या झाडीत राहतात हे कुणी पाहिलं?

मॅडमनी एक दोरा काढला. एक टोक बागेवर ठेवलं आणि दुसरं फिरवून दाखवलं. माशी साधारण एवढं उडते. तेवढ्या अंतरात सर्वांत जवळचं हिरवं काय, तर ही झाडी. म्हणजे माश्या इथल्या. उतार तर याहूनही जवळ होता, पण नकाशावर तो तपकिरी होता. तपकिरी म्हणजे रिकामं.

"पण पाहिलं कुणी?" मुंगीने पुन्हा विचारलं.

"अशी प्रत्येक माशीच्या मागे धावत बसले, तर नकाशा पुरा कधी व्हायचा, बाळ?" मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मुंगी पायरीवर बसली आणि तिने बिस्किट एकदाचं तोंडात टाकलं. "आपल्याला सुट्टी आहे. आपण धावू," ती म्हणाली.

कल्पना शिट्टीची. बागेतल्या माश्यांना रंग लावायचा आणि रंगीत माशी घरी कुठे जाते ते बघायचं. बोक्याने शाळेतले रंगीत खडू आणले आणि ते त्याने कुठून आणले हे कुणी विचारलं नाही. खलबत्त्यात कुटून त्यांची पूड केली, फडक्यातून चाळली. मावशीच्या पावडरच्या डब्यातला मऊ पफ एका काठीला बांधला. बागेच्या वरच्या रांगांतल्या माश्यांना निळा रंग आणि खालच्या रांगांतल्यांना गुलाबी.

सांगायला हे सोपं आहे. माशी फुलावर बसली की काठी हळूच पुढे न्यायची आणि पफ टिचकीने झटकायचा. जोरात झटकला तर माशी पळते, हळू झटकला तर पूड आपल्याच नाकात जाते. पहिल्या सकाळी सर्वांत जास्त रंग बोक्याला लागला. तो शिंकला की आसपासची झाडं रिकामी व्हायची. मावशीने त्याला निळ्या मिशांसकट पाहिलं आणि आत निघून गेली. माश्या मात्र गरीब होत्या, कुणाला एकदाही डंख झाला नाही.

मग तिघं झाडीत जाऊन बसली. शिट्टीला तिथली प्रत्येक वाट पाठ होती. पाय कुठे रुततो, बगळे कुठे बसतात, बाबा फांद्या कुठे भिजत घालतात. पाणी, सावली, ओल्या पानांचा वास. तिने दोघांना सगळं फिरवून दाखवलं, अगदी आपलं घर दाखवावं तसं, आणि बोक्याला चिखलातून बाहेर काढावं लागलं तेव्हा ती पोट धरून हसली. पण रंगीत माशी एकही आली नाही. दुपार गेली, दुसरा दिवस गेला. गुलाबी नाही, निळी नाही.

"ओल्या मातीत कोण झोपेल? अंथरूण भिजतं," बोका स्वतःच्या चिखलाने भरलेल्या चड्डीकडे बघत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मुकादम जेवायला गेल्यावर तिघं उतारावर जाऊन पालथी पडली. फार वेळ थांबावं लागलंच नाही. एक गुलाबी माशी आली, भोकापाशी घुटमळली आणि आत गेली. मागून निळी आली. मग गुलाबी, गुलाबी, निळी. सगळा उतार जिवंत होता. खरवडलेल्या कडेला मात्र एकही भोक नव्हतं आणि तिकडे एकही माशी वळली नाही.

शिट्टीने अशी शिट्टी मारली की मुकादम डबा तसाच टाकून धावत आला. तोवर तिघं पसार झाली होती.

मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकता ऐकता ती ओट्यापाशीच खाली बसली. एक वर्ष तिला वाटत होतं की आपल्या हातून बाग बिघडली. तिने मुंगीला जवळ ओढलं आणि मग कार्यालयात फोन लावला. तिथून उत्तर मिळालं की हरकती घेण्याची मुदत संपली. मॅडम दौऱ्यावर आहेत. उद्या सकाळी नगराध्यक्षांसह सगळे येणार आहेत, पण उतारावर नाही, झाडीत. तिथे 'मधमाश्यांचं माहेर' अशी पाटी लावायची आहे. फोटो काढायचे आहेत. त्याच वेळी उतारावर मशीन चालू होईल.

मावशीने फोन ठेवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे, पोरांनो. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

पण जाऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. सर्वांत कमी तयार होती शिट्टी. मुंगीची मावशी ती तिचीही मावशीच झाली होती, लहानपणापासून ती त्याच ओट्यावर खात आली होती. बेत तिघांनी मिळून केला, पण त्यातला कळीचा भाग बोक्याला देण्यात आला, कारण सोंग आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या त्यांनी पूड संपेपर्यंत माश्या रंगवल्या. मग शिट्टी आणि मुंगी झाडीत गेल्या. पाटी तयार होती, तिच्यावर पिवळ्या माशीचं हसरं चित्र होतं. नगराध्यक्ष माश्यांबद्दल दोन शब्द बोलत होते. ते दोन शब्द बराच वेळ चालले. तेवढ्यात उताराच्या बाजूने आरोळी आली, "मेलो! आई गं, मेलो!"

मशीनच्या समोर, उताराच्या पायथ्याशी, बोका पोट धरून लोळत होता. चालकाने घाबरून मशीन बंद केलं. मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळा लवाजमा फोटोवाल्यासकट धावत उतारावर आला आणि बोक्याभोवती गोल करून उभा राहिला. कुणी पाणी मागवलं, कुणी गाडी मागवली. बोक्याने डोळे पांढरे केले आणि तेवढ्यात मुंगीकडे बघून एक डोळा बारीक केला.

"मॅडम, हलू नका," मुंगी म्हणाली. "तुमच्या बुटापाशी बघा."

मॅडमच्या बुटाजवळ एक भोक होतं. एक गुलाबी माशी आली आणि बूट चुकवून आत शिरली. मग दुसऱ्या भोकात निळी. मग नगराध्यक्षांच्या पायांमधून आणखी एक. सगळे खाली बघायला लागले आणि बोकाही उठून बसला. मुंगीने धडाधड सांगून टाकलं: बागेत कुठला रंग कुठे लावला, झाडीत किती वाट पाहिली, इथे काय दिसलं, खरवडलेल्या कडेचं काय झालं आणि खालच्या रांगांना फळ का धरलं नाही.

मॅडम साडी सावरून मातीत उकिडव्या बसल्या. माश्या येत होत्या, जात होत्या. मग त्या उठल्या आणि मुकादमाला म्हणाल्या की मशीन परत न्या. चूक माझी आहे, मी हिरवा रंग बघितला आणि माती बघितली नाही, असंही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मोठ्या माणसाच्या तोंडून असं वाक्य फार कमी वेळा निघतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवलं.

मावशीच्या घरी त्या दिवशी खरं हसू ऐकू आलं. शिट्टी आणि मुंगी एकाच ताटात जेवल्या. वजाबाकी तिघांनाही येत होती, शाळेत चांगली शिकवली होती. पण त्या आठवड्यात तीन जागांवर ती कुणीच करून पाहिली नाही.

सत्कार नगरपालिकेच्या सभागृहात होता. खुर्च्या भरल्या होत्या. व्यासपीठाशेजारच्या भिंतीवर नवा नकाशा टांगला होता आणि त्यावर भट्टीमागचा उतार छान हिरवा रंगवला होता. नगराध्यक्ष म्हणाले की अशी मुलं घरोघरी जन्माला यावीत. टाळ्या झाल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं की या मुलांची निरीक्षणशक्ती आम्हीच वाढवली. पुन्हा टाळ्या. मावशी पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. तिच्या शेजारी शिट्टीचे बाबा धुतलेला सदरा घालून बसले होते, मुलीचं कौतुक ऐकायला आले होते.

बोक्याला आणि मुंगीला शाली मिळाल्या. तिसरं नाव पुकारलं तेव्हा शिट्टी नकाशासमोर उभी होती. ती जागची हलली नाही. ओढ्याकाठचा हिरवा तुकडा आता तिथे नव्हता. तिथे राखाडी चौकोन होता आणि त्यावर एका बसचं चित्र होतं.

"मॅडम, आमची झाडी?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

मॅडम खाली उतरून तिच्याजवळ आल्या. त्यांना हे सोपं जात नव्हतं हे दिसत होतं. त्यांनी हळू आवाजात समजावलं. माश्यांचे गुण झाडीला दिले होते, ते चुकून दिले होते. तुम्हीच सिद्ध केलंत की माश्या उतारावर राहतात, मग ते गुण उताराकडे गेले. झाडीपाशी उरलं काय? ती पाणी धरते, पण तलाव जास्त धरतो. तिच्या फांद्यांच्या टोपल्या होतात, पण त्यावर घर चालतं एकच. तीन जागांत आता तिचे गुण सर्वांत कमी झाले, आणि डेपो कुठेतरी व्हायलाच हवा.

"एकच घर आमचं आहे," शिट्टी म्हणाली.

शिट्टीने मग घाईघाईने सांगायला सुरुवात केली, जणू थांबली तर कुणी दार लावून घेईल. सफरचंद फुलायच्या आधी वाळुंज फुलतो. तेव्हा दुसरं काहीच फुललेलं नसतं. याच माश्या, अशाच केसाळ, तेव्हा वाळुंजावर येतात, पिवळ्या होऊन जातात. ती दर वर्षी बघते. माश्या झोपत असतील उतारावर, पण सफरचंदाला मोहोर येईपर्यंत जेवतात झाडीत. जेवणच काढून घेतलं तर घर राखून काय उपयोग?

मॅडमनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की त्या माश्या याच, हे कशावरून? रंग लावून पाहिला होता का?

रंग लावायचं सुचलं तेव्हा वाळुंजाचा फुलोरा सरून गेला होता.

"पुढच्या वर्षी लावून दाखवते," शिट्टी म्हणाली.

"आराखडा या शुक्रवारी मंजुरीला जातोय, बाळ," मॅडम म्हणाल्या. "आणि न पाहिलेल्या गोष्टीला गुण देऊ नयेत, हे मी तुमच्याकडूनच शिकले."

मुंगी व्यासपीठावरून उडी मारून खाली आली. तिने शाल काढून खुर्चीवर टाकली आणि नगराध्यक्षांना सांगितलं की आम्हाला हे नको, आधीचा नकाशा परत लावा. नगराध्यक्ष प्रेमाने हसले. मुलांचं मन किती कोवळं असतं बघा, असं ते सभागृहाला म्हणाले, आणि सभागृहाने त्यावरही टाळ्या वाजवल्या. बोक्याने आपलीही शाल काढली आणि तिचं काय करायचं हे न कळून ती हातातच धरून उभा राहिला. शिट्टीचे बाबा उठले. त्यांनी मुलीचा हात धरला आणि ते दारातून बाहेर पडले.

घरी गेल्यावर मुंगी मावशीशी भांडली. तू कार्यालयात जा, सांग, तुझं ते ऐकतील, म्हणाली. मावशीने ताटं मांडता मांडता सगळं ऐकलं आणि शेवटी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काय सांगू मी तिथे? माझी बाग घ्या आणि त्यांची झाडी ठेवा?" तिने विचारलं. "तुला वाटतं मला झोप लागतेय? पण तसं म्हणायची माझी हिंमत नाही, मुंगे."

मुंगीला वाटलं होतं की मावशी काहीतरी खोटं बोलेल आणि मग तिच्यावर मनसोक्त रागावता येईल. मावशी खरं बोलली, म्हणून रागही धड आला नाही. ती न जेवता बाहेर जाऊन बसली.

आराखडा मंजूर झाला. उताराला कुंपण झालं, पाटी इकडे आणून लावली, आणि पाटीखाली राखणदार नेमायचं ठरलं तेव्हा मॅडमनी ती नोकरी शिट्टीच्या बाबांना दिली. त्यांना खरोखर वाटलं की यामुळे थोडी भरपाई होईल. शिट्टीच्या बाबांनी ती घेतली, न घेऊन सांगतात कुणाला? बागेत प्लास्टिकचे क्रेट आले. ते टोपल्यांपेक्षा हलके असतात आणि एकावर एक नीट बसतात, असं बाजारातला माणूस म्हणाला. उरलेल्या उतारावरच्या माश्या यंदा खालपर्यंत पोचल्या होत्या, म्हणून खालच्या रांगांवरही मोहोर गळल्यावर हिरवी, बोराएवढी फळं दिसायला लागली. मावशी रोज सकाळी जाऊन बघायची, आणि ओढ्याच्या बाजूने कुणी येताना दिसलं की घरात यायची.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मुंगी ओढ्यापलीकडे गेली. सोबत बोकाही होता. तो यायला घाबरत होता, पण आला. झाडीत मशीन पोचलं होतं आणि एका कडेने भर पडत होती. पुढच्या बाजूला शिट्टी आणि तिचे बाबा हाताला येतील तेवढ्या फांद्या तोडत होते. तोडायचा हंगाम हा नव्हे, या फांद्या कोवळ्या आहेत, विणताना मोडतील, हे दोघांनाही माहीत होतं. तरी तोडत होते.

बोका वाकला आणि पडलेल्या फांद्या गोळा करायला लागला. मुंगी उभीच राहिली. बोलायचं म्हणून किती दिवस तिने मनात जुळवलं होतं, ते सगळं आता निरुपयोगी वाटत होतं.

"मला माहीत नव्हतं गं," ती शेवटी म्हणाली. "शपथ, मला खरंच माहीत नव्हतं असं होईल."

शिट्टीने कोयता खाली ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मुंगीला बरं वाटलं असतं.

"मलाही नव्हतं माहीत," शिट्टी म्हणाली. "पण गेलं ते माझं."

मागे मशीनने आणखी एक खेप रिकामी केली. शिट्टीने तिकडे पाहिलं नाही. तिने मोळीला दोरी बांधली, गाठ ओढून बघितली आणि मुंगीला दुसरं टोक धरायला सांगितलं. मुंगीने ते धरलं, आणि दोघी ती ओली, जड मोळी उचलून घराकडे चालायला लागल्या.